एक हजार एक नंबरचा हल्लेखोर

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

ही वही माझ्यासाठी. माझ्या तोडीचं वाचणारं या ऑफिसात दुसरं कोणी नाही, त्यामुळे लपवायची खरं तर गरज नाही. तरी खालच्या ड्रॉवरमध्ये, शाईच्या खोक्यांखाली ठेवणार.

दुपारी १.१५

मोठी बातमी. एक एप्रिलपासून कंपनीत सुरक्षा प्रमुख अशी नवी जागा निघते आहे. स्वतंत्र केबिन, दाराला पाटी. साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं की आपण दोनशे दहा इमारतींच्या लिफ्ट सांभाळतो. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की तो लाल बटण दाबतो आणि आपल्याकडे फोन वाजतो. आता आपले सगळे फोन इंटरनेटवर चालतात. उद्या कोणी इंटरनेटवरून घुसून ते बंद पाडले, तर आत अडकलेल्या माणसाने काय करायचं? तेव्हा फोन किती सुरक्षित आहेत याचं कोणीतरी ऑडिट करावं. रिपोर्ट सव्वीस तारखेला. ज्याचा रिपोर्ट चांगला, त्याचा जागेसाठी विचार होईल.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे प्रिंटर आहे आणि त्यात तेव्हा कागद अडकला होता हे खरं, पण पाहिलं माझ्याकडेच.

सोळा वर्षं या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतोय आणि लोक मला काय म्हणतात, तर शाईवाले. शाईवाले, शाई संपली. शाईवाले, कागद अडकला. गाढवाला गुळाची चव काय. एक एप्रिलनंतर यातल्या प्रत्येकाला केबिनबाहेर पाच मिनिटं उभं ठेवणार.

संध्याकाळी, घरी

हिला सांगितलं की जागा मला मिळाल्यात जमा आहे. 'जमा' स्पष्ट म्हटलं होतं. हिने दहा मिनिटांत भावाला फोन करून सांगितलं की जागा मिळाली.

४ मार्च, मंगळवार. सकाळी १०.३०

फोन तपासायची हत्यारं, म्हणजे प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवून घेतली. फुकट मिळतात, पण चालवायला अक्कल लागते. माउस नाही, बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कमांड टाइप करायची आणि एंटर. खऱ्या माणसाचं काम असंच असतं. बाकीचे रंगीत चौकोनांवर बोटं आपटतात आणि स्वतःला कॉम्प्युटर येतो म्हणतात.

तीन हत्यारं आहेत. पहिलं ऑफिसातले फोन शोधून काढतं. दुसरं मुख्य यंत्राला विचारतं की तुझ्याकडे कोणकोणते नंबर आहेत. तिसरं त्या नंबरांवर पासवर्ड लावून पाहतं. सोबत चाळीस पानांचं मॅन्युअलही आलं आहे. मॅन्युअल बावळटांसाठी असतं.

टेलिफोन ऑपरेटर बाईंना पूर्वसूचना दिली की मी फोनची तपासणी करणार आहे. बाई बावीस वर्षं त्याच खुर्चीवर आहेत. समोर निळ्या पुठ्ठ्याची वही, त्यात आलेला प्रत्येक फोन वेळेसकट लिहितात. कॉम्प्युटर बाजूला, त्यावर पाण्याची बाटली. मी त्यांना समजावून सांगितलं की आपल्या फोनचं मुख्य यंत्र इथे नसून फोन-कंपनीच्या जागेत आहे, आणि आपले सगळे फोन आणि कॉम्प्युटर एकाच तारेने बाहेर जात असल्यामुळे बाहेरच्या जगाला आपला सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. बाईंनी विचारलं, तो पत्ता कोणता. आता तो कोणता ते बघायला मी काय पोस्टमन आहे? तत्त्व समजून घ्या म्हटलं.

बाई म्हणाल्या, तपासणीत फोन वाजतील का. मला हसू आलं. ही तपासणी म्हणजे मांजराची पावलं. समोरच्याला कळतसुद्धा नाही.

५ मार्च, बुधवार. सकाळी ११.०५

पहिली कमांड सोडली.

११.०६

अघटित. ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. अडतीसच्या अडतीस. (खरं तर सदतीस. माझ्या फोनची घंटी मी दोन वर्षांपूर्वीच बंद केली आहे, शाईच्या कटकटीमुळे.) सगळ्यांनी उचलले. पलीकडे कोणी नाही. पडद्यावर नंबर १००१. आपल्याकडे असा नंबरच नाही. सगळे नंबर तीन आकडी.

११.२०

हा हल्ला आहे. आणि काय नशीब या कंपनीचं की हल्ला झाला त्याच मिनिटाला मी काळ्या पडद्यासमोर बसलो होतो. दुसरा कोणी असता तर चहा पीत असता.

बाईंनी वहीत लिहिलं, ११.०६, सगळे फोन, कोणी नाही. बस, एवढंच. म्हातारं माणूस जिन्यावरून पडलं तरी या बाई आधी वेळ लिहितील.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १२.००

साहेबांना हल्ल्याची कल्पना दिली. साहेब घाबरले. घाबरलेला माणूस किती लहान दिसतो. मी धीर दिला.

एक परिपत्रकही लिहून दिलं. 'कंपनीच्या फोनव्यवस्थेवर हल्ला करणारी व्यक्ती कोणीही असो, तिची गय केली जाणार नाही. सदर व्यक्ती कंपनीतील आढळल्यास तिला कोणतीही सुनावणी न देता तत्काळ कामावरून कमी करण्यात येईल.' साहेब म्हणाले, सुनावणी तरी असू दे. मी म्हटलं, अशा लोकांना बोलू दिलं की ते कारणं सांगत बसतात. साहेबांनी सही केली. मी प्रिंट काढून प्रत्येक मजल्यावर लावलं. बाईंच्या टेबलावर मुद्दाम दोन प्रती.

७ मार्च, शुक्रवार

३.३० दुसरं हत्यार चालवलं. पहिलंही पुन्हा एकदा, खातरजमा म्हणून.

३.३१ पुन्हा सगळे फोन. पुन्हा १००१.

हा मनुष्य माझ्यावर नजर ठेवून आहे. मी काम सुरू केलं की एका मिनिटात उत्तर देतो. म्हणजे माझी योग्यता निदान शत्रूला तरी कळली. सोळा वर्षांत या ऑफिसात जे कोणाला जमलं नाही ते त्याने दोन दिवसांत ओळखलं.

९ मार्च, रविवार. घरी

मेहुणा आला होता. नव्या पदाबद्दल अभिनंदन म्हणून शर्टाचं कापड घेऊन आला. हिचा भाऊ पाण्याचे फिल्टर विकतो आणि स्वतःला इंजिनियर समजतो. नाकापेक्षा मोती जड. मी त्याला हल्लेखोराविषयी जितकं सांगणं सुरक्षित होतं तितकं सांगितलं. तो म्हणाला, भावजी, तुम्ही काम करता तेव्हाच फोन वाजतात, तर तुमच्याच कामामुळे वाजत नसतील ना.

अडाणी माणसाचं हेच असतं. पाऊस पडतो तेव्हा छत्री उघडलेली दिसते, म्हणून छत्रीने पाऊस पडतो. ही त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. कापड मात्र चांगलं आहे.

११ मार्च, मंगळवार. सकाळी १०.१०

फोन-कंपनीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, हो, सात तारखेला साडेतीनला कोणीतरी आमच्या यंत्राला तुमच्या नंबरांविषयी खोदून खोदून विचारत होतं, आमच्याकडे त्याचा पत्ता आहे. तिने पत्ता पाठवला. बारा आकडे, मध्ये टिंबं. ती पुढे म्हणाली की काळजी करू नका, कोणी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तर आमचं यंत्र तो पत्ता तासभर बंद करतं, त्या पत्त्यावरून मग काहीच चालत नाही. मी म्हटलं, उत्तम, तासभर कशाला, दिवसभर करा. तिने विचारलं, हा पत्ता कोणाच्या नावावर आहे ते सांगू का. मी तिला तिथेच थांबवलं. तपास माझं काम आहे. हल्लीच्या मुली आयतं ताटात वाढायला बघतात आणि मग श्रेय मागतात.

१०.५०

पत्ता नकाशावर टाकला. अंगावर काटा आला. लाल ठिपका आमच्याच रस्त्यावर! म्हणजे शत्रू शंभर पावलांवर बसला आहे आणि पोलिस जगभर शोधत फिरतील. काखेत कळसा नि गावाला वळसा, हीच या लोकांची पद्धत.

रस्त्यावर समोर तीन दुकानं. न्हावी, कुलपं-किल्ल्या आणि चष्मेवाला. न्हाव्याला वेळ नसतो. कुलूपवाल्याला कॉम्प्युटर नाही. चष्मेवाला दिवसभर लॅपटॉप उघडून बसतो आणि गिऱ्हाईक एक नसतं. आणखी काय पुरावा हवा?

१२ मार्च, बुधवार. दुपारी ४.००

चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. डोळे तपासायला आलोय असं दाखवलं. खुर्चीत बसून त्याच्या लॅपटॉपवर नजर. पत्ते खेळत होता. पत्ते म्हणजे आवरण, आत काय चाललंय कोण जाणे.

तो म्हणाला, तुमची लांबची नजर उत्तम आहे, जवळचं मात्र तुम्हाला काही दिसत नाही. मी हो हो म्हणत राहिलो कारण तेव्हा मी त्याच्या तारा मोजत होतो. बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की चष्म्याची ऑर्डर देऊन आलो आहे. तपासात अशा गोष्टी कराव्या लागतात.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.४०

भोक सापडलं. खरं, धडधडीत भोक.

फोनच्या व्यवस्थेत लिफ्टच्या लाल बटणाचा नंबर आहे ९०९. त्या ९०९ ला एक गुप्त वाट आहे. ऑफिसात अर्धा मिनिट कोणी फोन उचलला नाही तर तो फोन बाहेरच्या एका मोबाइलवर जातो. तो मोबाइल कोणाचा, तर ऑपरेटर बाईंचा. कंपनीचे फोन घरी! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

बाईंना मी चांगला ओळखतो. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये अडकलेल्या एका म्हाताऱ्याशी त्या सव्वीस मिनिटं टमाट्याच्या रोपांवर बोलत होत्या. मेकॅनिक पोचला तरी बोलणं संपेना. आता घरी बसूनही तेच चालत असणार. मी वाट बंद करून टाकली. एक टिक काढली, संपलं. विचारायची गरज वाटली नाही. भोक बुजवताना उंदराची परवानगी कोणी घेतं का?

रिपोर्टात हे पहिल्या पानावर येणार.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ११.००

आज तिसरं हत्यार. पासवर्ड. दोन हजार पासवर्डची यादी, पहिल्या नंबरापासून सुरुवात.

११.०१

पाचव्या पासवर्डनंतर मुख्य यंत्र एकदम गप्प झालं. उत्तरच देईना. घाबरलं. मी नोंद केली, 'यंत्र दबावाखाली माघार घेतं.' यंत्र उत्तर देईपर्यंत हत्यार आपोआप पुन्हा पुन्हा विचारत राहतं, म्हणून ते चालू ठेवून प्रिंटरकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर शाई संपली होती.

११.५०

ऑफिसात गोंधळ. फोन बंद. अडतीसच्या अडतीस. ११.०१ पासून. उचलला की नुसती शांतता. हल्लेखोराने अखेर घाव घातलाच, आणि बरोब्बर मी प्रिंटरकडे असताना. भ्याड. हत्यार थांबवून आधी याच्याकडे बघतो.

१२.३५

बाराच्या सुमारास फोन आले. पण एक गोष्ट वाईट झाली.

त्या तासात एका इमारतीत एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले. लाल बटण दाबत राहिले. इकडे काही वाजलंच नाही. एरवी बाईंच्या मोबाइलवर गेलं असतं, पण ती वाट बंद होती, सुरक्षेसाठी. आजोबा पन्नास मिनिटं आत होते. शेवटी शेजाऱ्याने दार ठोठावलेलं ऐकलं आणि आजोबांनी आतून सांगितलेल्या बाईंच्या मोबाइलवर फोन केला. बाईंनी मेकॅनिकला पाठवलं आणि स्वतः बसने धावत तिथे गेल्या. हेच ते टमाट्यांचे आजोबा. बाहेर काढलं तेव्हा त्यांना उभं राहता येत नव्हतं. जिन्यावर बसून रडले.

मला वाईट वाटलं. हे इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही.

५.००

आता हा नुसता हल्लेखोर राहिला नाही, गुन्हेगार झाला. परिपत्रकात 'तत्काळ'च्या पुढे 'आणि कायमचं' घालायला हवं होतं. साहेबांना सांगितलं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई वहीत लिहीत होत्या.

१९ मार्च, बुधवार

बाई माझ्याशी बोलत नाहीत. ती वाट मी बंद केली हे त्यांना कळलं आहे. मी समजावायला गेलो की सुरक्षेला भावना नसतात. त्यांनी कान दिला नाही. फोन-कंपनीला फोन करून वाट पुन्हा उघडून घेतली, माझ्या देखत. हे उल्लंघन मी रिपोर्टात लिहिणार.

चष्मा आला. नाकावर बसत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

चष्मेवाल्याच्या दुकानासमोर पाऊण तास उभा राहिलो. पंधरा मिनिटं न्हाव्याच्या आरशात बघून. चष्मेवाल्याने मला हात केला. हल्लेखोर हात करत नाही, त्यामुळे मी त्याला संशयितांच्या यादीतून कमी केला. आता यादीत कोणीच उरलं नाही. म्हणजे हा माणूस जितका वाटला होता त्याहून धूर्त आहे.

पाटीसाठी अक्षर निवडलं. ठसठशीत, थोडं तिरकं.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी ४.३०

रिपोर्ट तयार. चौदा पानं. शेवटचं पान माझं शस्त्र आहे. एक तक्ता. डावीकडे हल्ल्यांच्या वेळा, बाईंच्या वहीतून उतरवून घेतलेल्या (वहीचा हा एक उपयोग). उजवीकडे मी त्या वेळी काय करत होतो, माझ्या या रोजनिशीतून. प्रत्येक हल्ल्याच्या वेळी मी कामावर हजर होतो, हे एका नजरेत दिसतं. असा तक्ता दुसरा कोणी सादर करू शकेल का? ते तेव्हा चहा पीत होते.

हिने विचारलं, उद्या कोणता शर्ट. मेहुण्याच्या कापडाचा शिवून आला आहे. जरा घट्ट आहे, पण केबिनच्या पहिल्या दिवसाला शोभेल.

२६ मार्च, बुधवार. दुपारी २.२०

लिहायचं नव्हतं. लिहितो.

मीटिंगला साहेब, बाई आणि मी. फोन-कंपनीची मुलगी स्पीकरवर. मी चौदा पानं वाचली. भोक, उल्लंघन, दबावाखाली माघार, सगळं. साहेब मान हलवत होते. मग मी शेवटचं पान पुढे केलं.

साहेबांनी बोट ठेवून वाचलं. डावीकडे ११.०६, उजवीकडे ११.०५. डावीकडे ३.३१, उजवीकडे ३.३०. डावीकडे ११.०१, उजवीकडे ११.००. बोट परत वर नेलं, परत खाली आणलं. मग विचारलं की प्रत्येक वेळी तुम्ही हल्ल्याच्या एक मिनिट आधी काम सुरू केलंत का. मी म्हटलं, हो, मी नेहमी त्याच्या एक पाऊल पुढे होतो.

मग साहेबांनी त्या मुलीला विचारलं, तो पत्ता कोणाचा. मुलगी म्हणाली, तुमचाच आहे, ऑफिसचा, मी अकरा तारखेला यांना सांगत होते. मग तिने अत्यंत मऊ आवाजात समजावलं. त्या हत्याराने फोनला हाक मारली की फोन वाजतो आणि पडद्यावर १००१ येतं, हे मॅन्युअलच्या तिसऱ्या पानावर आहे. आणि अठरा तारखेला पाच चुकीचे पासवर्ड आमच्या ऑफिसातून गेले म्हणून त्यांच्या यंत्राने आमचा पत्ता बंद केला. सगळ्या ऑफिसचा मिळून एकच पत्ता आहे ना, म्हणाली.

हे तत्त्व मीच बाईंना समजावलं होतं. बाईंनी तेव्हा पत्ता कोणता ते विचारलं होतं. त्यांनी याची आठवण काढली नाही. काढली असती तर मला राग तरी आला असता.

साहेबांनी ड्रॉवरमधून परिपत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं. सगळं. 'कोणीही असो' पासून 'कमी करण्यात येईल' पर्यंत. भाषा खरंच चांगली होती. मी सुनावणी मागावी असं मनात आलं, पण ती मीच काढून टाकली होती.

मग बाई बोलल्या. "काढून काय उपयोग, साहेब. आजोबांचा तास काही परत येत नाही. यांना शनिवारी माझ्या खुर्चीवर बसवा. मला नऊ वर्षांत एक शनिवार सुट्टी नाही."

साहेबांनी परिपत्रक माझ्या हातात दिलं आणि सांगितलं की सगळ्या मजल्यांवरून उतरवून आणा. सुरक्षा प्रमुखाची जागा रद्द. ते काम फोन-कंपनीच करणार.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ९.५०

थंड डोक्याने विचार केला. शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर ऑडिट यशस्वी झालं. फोन बंद पाडता येतात की नाही हा प्रश्न होता. येतात. सिद्ध केलं. हे समजायला ज्या उंचीची माणसं लागतात ती त्या खोलीत नव्हती.

संध्याकाळी, घरी

हिला सांगितलं की पद मी नाकारलं, तत्त्वाचा प्रश्न होता. तिने शनिवारचे कपडे काढून ठेवले. म्हणजे तिला कळलं आहे. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, माझ्या तोंडावरूनच कळलं असेल. आठ वाजता मेहुण्याचा फोन आला तेव्हा तिने तो बाहेर नेला आणि दार लावून घेतलं. माझी लाज वाटणारं माणूस घरात आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार

बाईंनी खुर्चीची माहिती दिली. दहा मिनिटांत. इमारतीचं नाव विचारायचं, आत किती जण आहेत, कोणाला त्रास होतोय का, मग मेकॅनिकला पाठवायचं, आणि तो पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मी विचारलं, पोचेपर्यंत काय बोलायचं. त्या म्हणाल्या, जे सुचेल ते.

याला कामाची पद्धत म्हणतात का? कुठे लिहिलेलं नाही, कुठे यादी नाही. बावीस वर्षं अंदाजपंचे कारभार. असो. लिफ्टमधल्या माणसाशी बोलणं म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. संकल्प: उद्या एक दिवस काम कसं करतात ते दाखवून देणार.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ११.२०

बाईंच्या खुर्चीवरून लिहितो.

१०.२० ला फोन वाजला. एक बाई, लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. इमारत विचारली, किती जण विचारलं. एकटीच. त्रास नाही, फक्त भीती वाटते म्हणाली. मेकॅनिकला पाठवलं. पंचवीस मिनिटं लागतील असं सांगितलं. सगळं चोख.

मग माझ्याकडे विचारायला काही उरलं नाही. ती म्हणाली, काहीतरी बोला हो. मी तिला सांगितलं की आपला आवाज इंटरनेटवरून कसा जातो. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या वाटेने निघतो आणि इथे आल्यावर ते पुन्हा जोडले जातात. तिने विचारलं, वाटेत एखादा हरवत नाही का. मी म्हटलं, हरवतात, पुष्कळ हरवतात. मग बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मला दुसरं काही सुचेना. टमाट्याची रोपं आठवली, पण त्यातलं मला काही माहीत नाही.

तिने विचारलं, नेहमीच्या त्या बाई नाहीत का. मी म्हटलं, सुट्टीवर आहेत. तिने विचारलं, कधी येतील. मी सांगितलं, सोमवारी.

"बरं," ती म्हणाली. "मग मी थांबते."